फौजेची कागदपत्रं आणि परक्यांचे सर्व्हर

(या सदरात उत्तरं देणारे सुभेदार मेजर सिग्नल कोअरमधून निवृत्त झाले असून साताऱ्यात राहतात. क्लाउडवरच्या ऑफिस सॉफ्टवेअरबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतली पाच घेतली आहेत.)

प्रश्न : साहेब, ऑस्ट्रियाच्या लष्कराने मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून लिब्रेऑफिस हे फुकटचं सॉफ्टवेअर बसवलं असं वाचलं. अमेरिकेचं लष्कर मात्र मायक्रोसॉफ्ट आणि गूगलच्या क्लाउडवर निर्धास्त बसलंय. दोघांत शहाणं कोण? आणि आपल्या फौजेसाठी असं सॉफ्टवेअर निवडायचं काम तुमच्याकडे आलं, तर आधी काय बघाल?
– माहिती तंत्रज्ञानाचा विद्यार्थी, देवळाली कॅम्प

उत्तर : आधी कागद बघेन. सॉफ्टवेअरच्या नावावरून भांडणाऱ्यांना एकदा युनिटच्या ऑफिसात हेड क्लार्कच्या शेजारी बसवायला हवं. तिथे सकाळपासून काय येतं? रजेची यादी, कॅन्टीनचा हिशेब, रेशनची मागणी, गाड्यांची स्टेट (किती चालू, किती बंद), इन्स्पेक्शनचा रिपोर्ट, एखाद्या एक्सरसाइजची ऑर्डर. शेवटची ऑर्डर सोडली तर यात लपवण्यासारखं काय, असंच कुणालाही वाटेल. पण रेशनच्या मागणीवरून माणसं किती ते कळतं. गाड्यांच्या स्टेटवरून आज निघायचं ठरलं तर किती गाड्या निघतील ते कळतं. आणि रजेच्या यादीवरून, रजा अचानक बंद झाल्या आहेत, हेही कळतं. हे तिन्ही कागद तीन टेबलांवर पडलेले असतात तोवर शत्रूला ते गोळा करत फिरावं लागतं. क्लाउडवर मात्र ते एका शोधात समोर येतात. म्हणून एकेक कागद साधा असला, तरी त्यांची बेरीज काय होते ते आधी बघायचं.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने यासाठी पायऱ्या ठरवल्या आहेत : २, ४, ५ आणि ६. (१ आणि ३ सुद्धा होत्या, त्या नंतर शेजारच्या पायऱ्यांत मिसळल्या.) दोनवर सगळ्यांना दाखवता येईल ते, चार आणि पाचवर गुप्त नसलेलं पण जपायचं ते, सहावर 'सीक्रेट'पर्यंतचं. 'टॉप सीक्रेट' या पायऱ्यांत बसतच नाही. गूगलने २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या अडीच लाख लोकांना आपलं वर्कस्पेस हे क्लाउडवरचं ऑफिस देण्याचं जाहीर केलं, ते चौथ्या पायरीपुरतं. तुमच्या-माझ्या फोनवरचा गूगल ड्राइव्ह आणि ते वर्कस्पेस, यांत नावापलीकडे फारसं साम्य नाही. तेव्हा 'निर्धास्त बसलंय' हे अर्धवट चित्र झालं.

ऑस्ट्रियाचं म्हणाल तर त्यांनी क्लाउड निवडला नाही, नाकारला. मायक्रोसॉफ्ट ऑफिस हळूहळू क्लाउडकडे सरकतंय हे त्यांनी २०२० मध्येच ओळखलं, आणि आपला मजकूर आपल्याच यंत्रांवर राहिला पाहिजे असं ठरवलं. २०२५ पर्यंत सुमारे १६,००० संगणक लिब्रेऑफिसवर नेले. पैसे वाचवणं हा मुख्य हेतू नव्हता, असं त्यांचे अधिकारी स्वतःच सांगतात. उलट, सैन्याला लागणाऱ्या सोयी त्यात नव्हत्या, त्या त्यांनी पदरचे पैसे घालून लिहून घेतल्या आणि सगळ्या जगाला खुल्या केल्या. ज्यांचं मायक्रोसॉफ्टवाचून अडतंच, त्यांना अर्ज करून ते मिळतं. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात समंजस वाटली. सॉफ्टवेअर बदलताना खरी पंचाईत होते ती कुठल्याशा हवालदाराने एक्सेलमध्ये बांधून ठेवलेल्या मॅक्रोची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचनांची. त्याची बदली कधीच झालेली असते आणि आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. आपल्याकडे त्यात कृतिदेव फॉन्टमधल्या जुन्या हिंदी फायलींची भर. फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडलं की नुसता कचरा दिसतो.

जर्मनीने दोन्ही वाटा धरल्या. लष्कराचं संगणकाचं काम बघणाऱ्या सरकारी कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये 'ओपनडेस्क'साठी सात वर्षांचा करार केला. नेक्स्टक्लाउड, कोलाबोरा, एलिमेंट, जित्सी असे खुल्या सोर्स कोडचे कार्यक्रम एकत्र बांधून केलेलं हे ऑफिस आपल्या सर्व्हरवर चालवता येतं. पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीने गूगलशीही करार केला, पण बाहेरच्या जाळ्याला कुठेच न जोडलेल्या क्लाउडसाठी. एका घरात दोन चुली म्हणून काही जणांनी नावं ठेवली. मला त्यात वावगं दिसत नाही, फक्त कुठल्या चुलीवर काय शिजवायचं ते लेखी हवं.

आता किल्लीकडे येतो, म्हणजे कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) मजकूर उघडणाऱ्या डिजिटल किल्लीकडे. विक्रेता सांगतो, 'सर, सगळं एन्क्रिप्टेड आहे.' असेलही. पण दोघांनी एकाच वेळी ब्राउझरमध्ये फाईल दुरुस्त करायची, मेलमध्ये शोधायचं, स्पॅम गाळायचा, ही कामं सर्व्हर करतो, आणि त्यासाठी त्याला मजकूर वाचता यावाच लागतो. म्हणजे किल्ली त्याच्याकडे असते. किल्ली आपल्याकडे ठेवायची सोय मायक्रोसॉफ्टही देतं आणि गूगलही देतं, पण ती घेतली की शोधासारख्या काही सोयी लंगड्या होतात किंवा बंद पडतात. विक्रेता हे आपणहून सांगत नाही. प्रात्यक्षिक मागा, आणि ते आपली किल्ली लावूनच मागा.

त्यानंतर विचारायचं की रात्री दोन वाजता सर्व्हर बिघडला तर हात कोण लावतो? अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा क्लाउड सांभाळायला मायक्रोसॉफ्ट चीनमधल्या अभियंत्यांची मदत घेत होतं, हे जुलै २०२५ मध्ये बाहेर आलं. त्यांच्यावर नजर ठेवायला अमेरिकन 'एस्कॉर्ट' असत. परवानगी असलेला माणूस बटण दाबणार आणि कुठलं दाबायचं ते दुसऱ्या देशातून कुणी सांगणार, अशी ती व्यवस्था होती. शेजारी उभ्या असलेल्या त्या बिचाऱ्याला समोरचा काय टाइप करायला सांगतोय ते कितपत कळत असेल, याची मला दाट शंका आहे. गाजावाजा झाल्यावर कंपनीने ते बंद केलं.

कायद्याचा भागही आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तिथल्या कंपनीकडचा डेटा जगात कुठेही ठेवलेला असला, तरी तिथलं न्यायालय मागू शकतं. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटने मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या विधी संचालकाला शपथेवर विचारलं : फ्रेंच सरकारला न विचारता डेटा अमेरिकेला जाणार नाही, याची हमी देता का? तो म्हणाला, हमी देऊ शकत नाही, पण आजवर तसं घडलेलं नाही. प्रामाणिक उत्तर होतं. फौजेला ते पुरत नाही.

आणि बंद पाडण्याचं काय? जुलै २०२५ मध्ये युरोपने निर्बंध घातल्यावर वाडिनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या लोकांचं मायक्रोसॉफ्टचं आउटलुक आणि टीम्स बंद झालं. भारतातली कंपनी, भारतातली माणसं, पैसे भरलेले, आणि निर्बंध भारताचे नव्हतेच. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग काही दिवसांत सेवा परत आली. रिफायनरीला काही दिवस कळ काढता येते. ब्रिगेड हेडक्वार्टरला नाही.

लॉगबद्दल विद्यार्थी सहसा विचारत नाहीत, म्हणून मी सांगतो. सिग्नल सेंटरमध्ये डाक रजिस्टर असतं. कुठलं पाकीट कुणाच्या हातून किती वाजता गेलं, खाली सही. क्लाउडवर तेच काम लॉग करतो. २०२३ मध्ये चीनशी संबंधित हॅकर्सनी मायक्रोसॉफ्टची २०१६ सालची, लॉगिन खरं असल्याची सही करणारी एक किल्ली वापरून २२ संस्थांच्या मेलपेट्या उघडल्या. त्यांत अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो होत्या, चीनमधले राजदूतही होते. परराष्ट्र खात्यातून सुमारे ६०,००० मेल गेल्या. ही चोरी पकडली ती त्या खात्याने, मायक्रोसॉफ्टने नव्हे, कारण खात्याने जादा पैसे मोजून सविस्तर लॉग घेतले होते. ज्यांनी स्वस्त लायसन्स घेतलं त्यांना ते दिसतच नव्हते. पुढे ओरड झाल्यावर कंपनीने ते बाकीच्यांनाही दिले. डाक रजिस्टरसाठी वेगळे पैसे मागणारा माणूस आमच्या सीओ साहेबांसमोर किती वेळ उभा राहिला असता, हे मी सांगायला नको.

यावरून 'आपला सर्व्हर आपल्याच खोलीत, म्हणजे झालं' असा निष्कर्ष काढू नका. जुलै २०२५ मध्येच शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या फाईल-वाटपाच्या सॉफ्टवेअरमधल्या छिद्रातून जगभर घुसखोरी झाली, आणि ती नेमकी स्वतःच्या खोलीत सर्व्हर ठेवणाऱ्यांकडे. क्लाउडवरचं शेअरपॉइंट त्यातून वाचलं. अमेरिकेच्या अण्वस्त्रांची देखभाल करणाऱ्या संस्थेलाही त्याची झळ बसली. स्वतःचा सर्व्हर ठेवायचा तर त्याला वेळेवर पॅच (दुरुस्त्या) लावणारी माणसं हवीत, आणि ती दोन वर्षांत बदलीवर जाता कामा नयेत. आपल्याकडे घोडं इथे अडतं.

मला विचाराल तर आपल्या फौजेसाठी : रोजच्या जपायच्या कामाला ओपनडेस्कसारखं खुल्या कोडचं ऑफिस, आपल्या डेटा सेंटरमध्ये, आपल्या किल्लीवर. जाहिराती, भरतीच्या सूचना वगैरे खुशाल बाहेरच्या क्लाउडवर. 'सीक्रेट' आणि त्यावरचं वेगळ्याच जाळ्यावर, जिथे इंटरनेटची तार पोहोचत नाही. सीमेवरच्या पुढच्या चौकीवर ब्राउझरमधलं ऑफिस देऊच नये. उपग्रहाचा दुवा अरुंद असतो आणि बर्फात तोही जातो. तिथे संगणकावर बसवलेलं ऑफिस, आणि दुवा आला की फाईल जुळवून घेणारी सोय. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबंटू या खुल्या कोडच्या प्रणालीवर बेतलेली 'माया' ही विंडोजसारखी संगणक-प्रणाली आणायला सुरुवात केली, दिशा तीच आहे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा मेल आता झोहोच्या व्यासपीठावर आहे. देशी कंपनी आहे, तेव्हा परक्या कायद्याचा आणि निर्बंधांचा प्रश्न बराच सुटतो. किल्लीचा, लॉगचा आणि रात्री दोनच्या माणसाचा सुटत नाही. ते प्रश्न त्यांनाही तितक्याच कडकपणे विचारायचे.

प्रश्न : आमचं भोसरीत छोटं मशीन शॉप आहे. एका मोठ्या कंपनीमार्फत दारूगोळा कारखान्याच्या कामाचे पार्ट करतो. ड्रॉइंग मेलने येतात, मुलगा ती फुकटच्या ड्राइव्हवर ठेवतो आणि ऑपरेटरला व्हॉट्सॲप करतो. आता वरची कंपनी म्हणते 'सुरक्षित क्लाउड' घ्या. विक्रेते येतात ते सगळे 'मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन' म्हणतात. कोणाचं घेऊ?
– लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : 'मिलिटरी ग्रेड' म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. ते ज्याबद्दल बोलतात ते एईएस २५६ हे कुलूप, २००१ पासूनचं उघड प्रमाण. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये आहे, व्हॉट्सॲपमध्येही आहे. त्याने एक विक्रेता दुसऱ्याहून वरचढ ठरत नाही.

विक्रेत्यांच्या आधी तुमची परचेस ऑर्डर आणि गोपनीयतेचा करार काढून वाचा. ड्रॉइंग क्लाउडवर ठेवायला मुळात परवानगी आहे का, हे वरच्या कंपनीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट १९२३ चा आहे, पण पेनड्राइव्हलाही लागतो. परवानगी असेल तर डेटा भारतात ठेवणारा, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या यादीतला आणि एसटीक्यूसी या त्याच मंत्रालयाच्या तपासणी संस्थेची तपासणी झालेला क्लाउड घ्या. मात्र ते प्रमाणपत्र क्लाउडचं असतं, तुमच्याकडे येऊन खाती उघडून देणाऱ्या पोराचं नसतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या लष्कराचा एक मेल सर्व्हर दोन आठवडे इंटरनेटवर उघडा पडला होता, आत सुमारे तीन टेराबाइट मजकूर. तो सरकारसाठी राखीव, नीट तपासलेल्या क्लाउडवरच होता. पासवर्ड लावायचा राहून गेला होता, एवढंच.

खरं सांगू? तुमच्याएवढ्या शॉपला बहुधा क्लाउड लागतच नाही. एक संगणक इंटरनेटशिवाय ठेवा, ड्रॉइंग तिथे उतरवा. कागदावर छापून, शिक्का मारून, रजिस्टरवर सही घेऊन ऑपरेटरला द्या आणि पाळी संपली की परत घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवणं आजच थांबवा. ऑपरेटरच्या फोनमध्ये आलेला फोटो बॅकअपबरोबर त्याच्या खासगी खात्यात आपोआप चढतो. तो उद्या काम सोडून चाकणला गेला की तुमचं ड्रॉइंगही चाकणला गेलं.

प्रश्न : मी कनेक्टिकटमध्ये एच-१बी वर आहे. आमची कंपनी लष्कराला सुटे भाग पुरवते. कंपनी मायक्रोसॉफ्टच्या 'जीसीसी हाय' या, अमेरिकी सरकार आणि त्याच्या ठेकेदारांसाठी राखीव क्लाउडवर गेली आणि मी रोज वापरत होते ते फोल्डर मला दिसेनासे झाले. इतकी वर्षं काम केल्यावर हा अविश्वास का?
– मूळची कोल्हापूरची अभियंता

उत्तर : अविश्वास असता तर आधी नोकरीच गेली असती, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. आयटार या शस्त्र-निर्यातीच्या नियमांनुसार तांत्रिक माहिती परदेशी नागरिकाला दाखवणं हीच निर्यात, मग ती शेजारच्या टेबलावर का होईना. ग्रीन कार्डवाल्याला त्यात अमेरिकन धरतात, एच-१बी वाल्याला नाही. जुन्या क्लाउडवर हे काटेकोर पाळलं जात नव्हतं, असंच तुमच्या पत्रावरून दिसतं. १० नोव्हेंबर २०२५ पासून सीएमएमसी नावाची, ठेकेदारांच्या सायबर सुरक्षेची तपासणी संरक्षण खात्याच्या करारांमध्ये येऊ लागली आहे. तिच्या दुसऱ्या पातळीवर ११० अटी आहेत, त्यामुळे कंपन्या खडबडून जाग्या झाल्या. तुमच्यासाठी परराष्ट्र खात्याकडे परवाना मागता येतो. वेळ लागतो, पण तो रस्ता आहे. कंपनीच्या निर्यात-नियम बघणाऱ्या माणसाला भेटा. तोवर मैत्रिणीला 'ती फाईल जरा मेल कर ना' असं चुकूनही म्हणू नका. अडकेल ती.

प्रश्न : एवढं महागडं, तपासलेलं सॉफ्टवेअर असूनही फौजांची गुपितं फुटतात कशी?
– निवृत्त शिक्षक, इस्लामपूर

उत्तर : जर्मनीचीच गोष्ट ऐका. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या हवाई दलाचे वरिष्ठ अधिकारी वेबेक्स या ऑनलाइन बैठकीच्या सॉफ्टवेअरवर जर्मन टॉरस क्षेपणास्त्राबद्दल बोलत होते : युक्रेनला दिलं तर काय, क्रायमियाचा पूल पडेल का. १ मार्चला रशियन माध्यमांनी ते ३८ मिनिटांचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. चौकशीत निघालं की एक अधिकारी एअर शोसाठी सिंगापूरला गेलेला, तो असुरक्षित जोडणीवरून बैठकीत आला होता. संरक्षणमंत्री पिस्टोरियस म्हणाले, वापरणाऱ्याची चूक. मला त्या वाक्यावर गप्प बसवत नाही. असा विषय वेबेक्सवर काढायची मुभा त्या साहेबांना कुणी दिली? बाहेरच्या जोडणीवरून येणाऱ्याला बैठकीने आत घेतलंच कसं?

दुसरी गंमत मेलच्या पत्त्याची. अमेरिकी लष्कराचे पत्ते 'एमआयएल'ने संपतात, माली देशाचे 'एमएल'ने. टाइप करताना 'आय' राहिला की मेल निघाला आफ्रिकेला. मालीचे इंटरनेटवरचे 'एमएल' पत्ते सांभाळणारा एक डच गृहस्थ वर्षानुवर्षं हे ओरडून सांगत होता. २०२३ मध्ये त्याने काही महिन्यांत अशा लाखाहून जास्त मेल जमा करून दाखवल्या, त्यांत वैद्यकीय अहवाल होते, प्रवासाचे कार्यक्रम होते. लष्कराने स्वतःच्या खात्यांवरून जाणारं हे टपाल पुढे अडवलं, पण बाहेरचा ठेकेदार किंवा ट्रॅव्हल एजंट आपल्या मेलवरून चुकला तर ते लष्कराच्या हातात नाही. म्हणून निवडताना पत्ता चुकला तर पाठवण्याआधी अडवणारी सोय मी मागेन, भले टाइप करणाऱ्याला तिचा वैताग येवो.

प्रश्न : मालक फौजेत आहेत. त्यांची पोस्टिंग ऑर्डर, रजेचा कागद, मुलांच्या शाळेसाठी लागणारे दाखले असं सगळं माझ्या फोनमध्ये आहे. फोन भरला. भाचा म्हणतो गूगल ड्राइव्हवर टाकू. चालेल का?
– एक वाचक, अपशिंगे

उत्तर : ताई, दोन ढीग करा. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले हे चालेल. जे डिजिलॉकरमध्ये मिळतं ते तिथेच ठेवा, उरलेलं ड्राइव्हवर, पण भाच्याकडून दोन पायऱ्यांचं कुलूप लावून घ्या आणि पासवर्ड त्याच्या वहीत ठेवू नका. दुसरा ढीग पोस्टिंग ऑर्डर, मूव्हमेंट ऑर्डर आणि युनिटचं नाव-ठिकाण असलेल्या प्रत्येक कागदाचा. तो ड्राइव्हवर नको आणि नात्यातल्या ग्रुपवर तर मुळीच नको. तुम्ही पत्रावर ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ असा फौजी टपालाचा नंबर लिहिता, गावाचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण हेच. आपल्याच फोनवरून ते गाव सांगायचं कशाला? शाळा पोस्टिंग ऑर्डरच मागत असेल तर ऐकू नका. मालकांच्या युनिटचं सर्व्हिस सर्टिफिकेट मागवा, आणि तेवढ्यावर मुख्याध्यापक अडून बसले तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा.